सायबर सुरक्षा, डिजिटल हक्क आणि नवं तंत्रज्ञान: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या एका वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं बसतो. फोन, बँक, आधार, ॲप, पोलीस यांपैकी कशाबद्दलही अडलेलं विचारायला लोक येतात. ज्यांना जमत नाही ते व्हॉट्सॲपवर पाठवतात. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल हक्क म्हणतात ते नेमके कोणते? कुठे लिहून ठेवलेत का?

संविधानात या नावाचं वेगळं कलम नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९ मध्ये आहे आणि जीविताचं व व्यक्तिगत स्वातंत्र्य अनुच्छेद २१ मध्ये. तेच हक्क आता फोनच्या पडद्यावरही लागू होतात. सगळ्यात मोठी भर पडली २४ ऑगस्ट २०१७ रोजी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून हा मुद्दा निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

या निकालातून सामान्य माणसाच्या हाती एक चाळणी आली. खासगीपणावर घाला घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि घाला त्या हेतूपुरताच हवा. आम्ही ती अशी सांगतो: कुठल्या कायद्याने? कशासाठी? एवढ्याची खरंच गरज आहे का? खालची बरीचशी उत्तरं या तीन प्रश्नांनीच सुटतात.

२. तो नवा डेटा संरक्षण कायदा लागू झाला की नाही?

अर्धामुर्धा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला. डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच अमलात आली. संमती घेणं, माहिती पुसण्याचा हक्क, डेटा फुटल्यास कळवणं ही खरी कामाची कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असं अधिसूचनेत म्हटलं आहे. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि त्याखालचे २०११ चे नियम यांच्यावरच भागवायचं आहे.

३. खात्यातून पैसे गेले. सगळ्यात आधी काय करू?

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. नातेवाइकांना नंतर, बँकेच्या शाखेतही नंतर. गेलेला पैसा एका जागी थांबत नाही, तो काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरवला जातो. पुढचं खातं वेळेत गोठलं तर रक्कम सापडते. फोनवर व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात, त्यामुळे बँकेचा एसएमएस समोर ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा.

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं ऐकवलं तर शांतपणे शून्य क्रमांकाचा गुन्हा नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याची सोय आहे. हद्दीचा घोळ पोलिसांनी आपसात मिटवायचा असतो. त्यासाठी तुम्ही अंधेरीहून भायखळ्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

४. बँक म्हणते, 'ओटीपी तुम्हीच दिलात, आम्ही काही करू शकत नाही.' खरंच काही होत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि इथेच लोक सगळ्यात लवकर हार मानतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक या बाबतीत पायाभूत आहे. त्यात तीन प्रकार आहेत. बँकेच्या चुकीमुळे पैसे गेले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठे तरी गळती झाली, तर बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर ती मर्यादित. तिसरा प्रकार तुमच्या निष्काळजीपणाचा. तुम्ही पिन किंवा ओटीपी दिलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ सोन्याइतकी मोलाची आहे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

आता बँका जे सांगत नाहीत ते ऐका. निष्काळजीपणा ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, असं त्याच परिपत्रकात लिहिलं आहे. 'ओटीपी गेला म्हणजे तुम्हीच दिला' हे विधान झालं, पुरावा झाला नाही. सिम बदलून ओटीपी पळवतात, फोनमध्ये घुसवलेलं ॲप एसएमएस वाचतं. मुलुंडच्या एका काकूंना एक 'बिलाचं ॲप' व्हॉट्सॲपवर आलं होतं. त्यांनी ते उघडलं, पण ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता. बँकेचं उत्तर मात्र छापील होतं. आम्ही त्यांच्याकडून एका पानाचं पत्र लिहून घेतलं: कुठल्या वेळी सूचना आली, कुठल्या वेळी कळवलं, ओटीपी मी दिल्याचा कोणता पुरावा तुमच्याकडे आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. वकील लागत नाही.

५. व्हिडिओ कॉलवर पोलीस गणवेशात होते, म्हणाले 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात'. असं असतं का?

नसतं. भारताच्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. कॉल तोडा आणि शेजाऱ्याला हाक मारा. हे लोक सगळ्यात आधी तुम्हाला एकटं पाडतात. खोलीचं दार लावून घ्यायला सांगतात, कोणाशी बोलू देत नाहीत. दार उघडलं की त्यांचा अर्धा जोर जातो. पैसे गेले असतील तर प्रश्न ३ पाहा.

६. सगळीकडे आधारची झेरॉक्स मागतात. नाही म्हणता येतं का?

बऱ्याच ठिकाणी येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सरकारी अनुदानाच्या योजना आणि पॅन यांच्यासाठी आधार कायम ठेवलं. बँक खातं आणि सिम कार्ड यांच्यासाठीची सक्ती मात्र काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँक किंवा टेलिकॉम कंपनी आधार घेऊ शकते, पण तुमच्या मर्जीने. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र असे पर्याय ठेवावेच लागतात.

परळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी स्वतः उभा होतो. मॉनिटर काउंटरकडे वळवलेला, व्हॉट्सॲप वेब उघडं, आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नावानिशी आधार, पॅन, भाडेकरार, कोणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. दुकानदार भला माणूस होता. पुसायचं असतं हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी माझी फाइल त्याच्यासमोर पुसायला लावली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. त्याने त्याच बैठकीत सगळा फोल्डर रिकामा केला.

तर हे करा: शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा. बोटांचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करा. ठशांवर पैसे काढून देणाऱ्या केंद्रांमधून होणारी फसवणूक त्याने अडते. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा: कोणाला दिली, कशासाठी, तारीख.

७. आमच्या सोसायटीत गेटचं ॲप आणलंय. मावशींचा फोटो, पाहुण्यांचा नंबर, गाडीचा क्रमांक, सगळं घेतात. विरोध केला तर 'तुम्हाला सुरक्षा नकोय का' म्हणतात.

सुरक्षा हवीच. पण वॉचमनच्या टॅबलेटमध्ये साठलेल्या माहितीचं काय होतं, हे विचारणं हाही सुरक्षेचाच भाग आहे. रोज सकाळी सव्वासातला कोणत्या मावशी कोणाकडे येतात, कोणतं घर दोन आठवडे बंद आहे, एकट्या राहणाऱ्या आजींकडे कोण येतं, हे सगळं एका जागी लिहिलेलं असतं. चोराला यापेक्षा चांगली यादी कुठे मिळणार? जुन्या रजिस्टरचंही तेच होतं. दोरीला बांधलेलं पेन उचललं, की वरच्या वीस जणांचे नंबर वाचता यायचे.

नव्या कायद्यात घरगुती कामासाठीची सूट व्यक्तीला आहे, सोसायटीला नाही. कायदा पूर्ण लागू झाला (प्रश्न २) की सोसायटी ही माहितीची जबाबदार धनी ठरेल. तोवर सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या आणि ठराव करून घ्या: माहिती किती दिवस ठेवायची, कमिटीतले कोण ती पाहू शकतात, ॲपची कंपनी ती जाहिरातीसाठी वापरते का. आमच्या मते पाहुण्यांच्या नोंदी तीस दिवसांनंतर ठेवण्याचं काहीच कारण नाही. आणि मावशींना विचारा. त्यांचा चेहरा आहे, त्यांची संमती हवी. 'नाही' म्हटल्यावर काम जाणार असेल तर ती संमती झालीच नाही.

८. विमानतळावर डिजियात्रा सक्तीची आहे का?

नाही. चेहरा ओळखून आत सोडणारी ही सोय मुंबई विमानतळावर २०२३ पासून आहे आणि ऐच्छिक आहे. कागदी ओळखपत्र दाखवून जाता येतं. कोणी चेहरा स्कॅन करायला पुढे ढकललं तर 'मला नेहमीच्या रांगेने जायचंय' एवढं म्हणा.

९. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मग सरकारने पाहिलं तर बिघडलं कुठे?

घरात लपवण्यासारखं काही नसतानाही आपण पडदे लावतो. पण हा प्रश्न खऱ्या काळजीतून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. दहानंतर वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोरोनाचे रुग्ण असलेल्या रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं. पुढे राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कारण कुठलंही असो, एका शहराचा श्वास किती थोड्या तारांवर अवलंबून आहे, हे त्या दिवशी कळलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये लुटले गेले तेव्हाही असंच झालं होतं. त्यामुळे वीज, बँका, रुग्णालयं यांचं रक्षण करायला सरकारकडे बळ हवं, यावर आमच्या टेबलावर कोणाचं दुमत नाही.

पण वीज केंद्राच्या यंत्रणा बंदिस्त करणं हे एक काम आणि नागरिकांच्या फोनमध्ये शिरणं हे दुसरं. ही दोन्ही 'सुरक्षा' या एका शब्दाखाली घालून विकली जातात. संचार साथी या सरकारी ॲपचं उदाहरण घ्या. आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यावर दिसतं, चोरीचा फोन बंद करता येतो. उपयोगी सोय आहे, आम्ही स्वतः लोकांना दाखवतो. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी ते ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश निघाला. लोकांनी आवाज उठवला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप तेच, सोयही तीच. फक्त ते घेण्याचा निर्णय तुमच्या हातात परत आला. आम्हाला हवा असलेला तोल हाच.

१०. पोलिसांनी नाक्यावर अडवून फोन उघडून दाखवायला सांगितला तर?

नुसत्या नाकाबंदीत तुमचे चॅट वाचायचा सर्वसाधारण अधिकार कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. नम्रपणे विचारा, 'साहेब, कुठल्या गुन्ह्यात?' गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त करता येतो. पण मग पंचनामा हवा, त्यात फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख) क्रमांक हवा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण हवं.

पासवर्डचा मुद्दा अवघड आहे. अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. पण बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मुंबई राज्याच्याच एका खटल्यात ठरवलं. डोक्यातला पासवर्ड ठशासारखा मानायचा की साक्षीसारखा, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. अशा वेळी वकिलाशी बोलण्याचा हक्क वापरा. हुज्जत घालू नका, फोन हिसकावू नका, काही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येईल.

११. सरकारवर टीका करणारी पोस्ट टाकली तर अटक होते का?

टीका हा गुन्हा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यावरून देशभर संताप उसळला, श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकेसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. कुठल्याही नोटिशीत आजही ६६अ दिसलं, तर हा निकाल दाखवा. धमकी, बदनामी, धार्मिक तेढ यांची कलमं वेगळी आहेत आणि ती लागू आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाचाही यात मोठा वाटा आहे. सरकारविषयी खोटं काय हे सरकारच्याच पथकाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. खोट्या बातम्यांचा त्रास खरा आहे. पण ज्याच्यावर टीका होते त्यालाच पंच नेमलं, तर सामना कसला?

१२. गावी आंदोलनाच्या वेळी इंटरनेट बंद होतं. कलेक्टर असं करू शकतात का?

नियमांनी हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला नाही. आदेश राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीडकडे असे आदेश निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानंतर आदेश जाहीर करणं बंधनकारक झालं आणि २०२४ च्या नियमांनुसार एक आदेश १५ दिवसांपलीकडे चालत नाही. आदेशाची प्रत मागा. आज यूपीआय बंद म्हणजे भाजीवाल्याची विक्री बंद, त्यामुळे ही बंदी अफवांपुरती राहत नाही.

१३. माझा छोटा धंदा आहे. एवढे नियम पाळत बसलो तर नवीन काही करायचं कधी?

तुमची धास्ती कळते, पण नियमांमुळे धंदा वाढल्याचं उदाहरण आपल्या शहरातच आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरा पासवर्ड सक्तीचा केला. गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून जाईल, अशी तेव्हा ओरड होती. उलट लोकांचा विश्वास बसला. त्याच सवयीवर २०१६ मध्ये मुंबईच्याच एनपीसीआय या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने यूपीआय उभं केलं. तिथे फोन आणि पिन दोन्ही लागतात, तरी वडापावच्या गाडीवर ते चालतं.

वाईट नियमाचंही उदाहरण द्यायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने सायबर हल्ला सहा तासांत कळवायचं बंधन घातलं. ते कडक आहे, पण समजण्यासारखं. सोबत व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा) देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं साठवायला सांगितलं. माहिती न साठवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यातल्या काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. सुरक्षा वाढली नाही आणि नवं तंत्रज्ञानही दूर गेलं. (व्हीपीएन वापरणं तुमच्यासाठी गुन्हा नाही, हेही इथेच सांगतो. त्याआडून गुन्हा केला तर तो गुन्हाच.)

तुमच्यापुरता सोपा उपाय: कमी मागा. डोंबिवलीच्या एका क्लासच्या प्रवेशअर्जात अकरा रकाने होते, त्यात वडिलांचं उत्पन्न आणि आधारही. सरांना विचारलं, यातलं वापरता काय? चार रकाने. बाकी सात खोडले. जे घेतलंच नाही ते चोरीला जात नाही, आणि नव्या डेटा संरक्षण कायद्यातला, सुरक्षेत कसूर केल्याचा २५० कोटी रुपयांपर्यंतचा कमाल दंडही त्या सात रकान्यांसाठी लागणार नाही. क्लासवाल्यांनो, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. शिक्षणासाठीच्या काही सवलती आहेत, त्यांच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

१४. सरकारलाही हा डेटा संरक्षण कायदा लागू आहे ना?

लागू आहे, पण मोठ्या पळवाटा आहेत. कलम १७ खाली केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्याबाहेर ठेवू शकतं. आम्हाला हे घातक वाटतं. प्रश्न १ मधली तिसरी चाळणी, गरजेपुरतंच, इथे गळून पडते.

दुसरी चिंता माहिती अधिकाराची. महाराष्ट्राने २००२ मध्येच, केंद्राच्या तीन वर्षं आधी, हा कायदा केला होता. आता नव्या कायद्याने केंद्रीय कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणून अर्ज फेटाळता येतो. रस्त्याच्या कंत्राटदाराचं नाव वैयक्तिक म्हणून दडवलं, तर खड्ड्याचा जाब कोणाला विचारायचा? अजून एक दार उघडं आहे: कलम ८(२), व्यापक लोकहित. अर्जात आणि अपिलात ते कलम नाव घेऊन लिहा आणि लोकहित कोणतं ते दोन वाक्यांत सांगा.

१५. एका वेबसाइटवर बिलाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला, तर दुसऱ्याचं बिल दिसलं. कळवलं तर मीच अडकेन का?

माटुंग्याच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न. त्याने संबंधित कंपनीला चांगल्या मनाने कळवलं आणि उत्तरात वकिलाची नोटीस आली. कायद्याची भाषा खरोखरच कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय, लबाडीने प्रवेश केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने शोधणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारं कलम अजून नाही. ते व्हायला हवं, कारण घराचं दार उघडं आहे हे सांगणाऱ्यालाच पकडलं, तर पुढचा माणूस गप्प बसेल.

तोवर काय करायचं: एकदा दिसलं की तिथेच थांबा, दुसरा आकडा टाकून पाहू नका. दुसऱ्याची माहिती साठवू नका, स्क्रीनशॉटमध्ये नाव झाका. थेट सर्ट-इनला ईमेलने कळवा, त्रुटी स्वीकारण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. पैसे किंवा बक्षीस मागू नका, सोशल मीडियावर टाकू नका. तारीख-वेळेची नोंद स्वतःकडे ठेवा.

१६. वडील गेले. त्यांचा फोन लॉक आहे, खाती आतच. आम्हाला त्यांच्या डेटावर काही हक्क?

नव्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये नामनिर्देशनाचा हक्क आहे. आपल्या पश्चात आपल्या डेटाबद्दलचे हक्क कोणी वापरायचे, ते जिवंतपणी नेमता येईल. पण हे कलमही प्रश्न २ मधल्या वेळापत्रकावर आहे. बँकेचे पैसे मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीच्या कागदांवर मिळतात, त्यासाठी फोन उघडण्याची गरज नाही. फोटो आणि ईमेलसाठी कंपन्यांचे स्वतःचे अर्ज आहेत. गूगल आणि ॲपल दोन्हीकडे जिवंतपणी वारस नेमायची सोय सेटिंगमध्येच आहे. वडिलांचं सिम मात्र घाईने बंद करू नका. त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर निम्मी कामं अडलेली असतात, आणि बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो.